‘लव्ह’ की ‘चॅरिटी’?

लग्नाच्या मिस्सेत संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आपण अनेकदा ऐकतो. आपल्या ओळखीच्या मराठी वाचनात तेथे ‘प्रीती’ हा शब्द आहे. इंग्रजी बायबल उघडले, की एका प्रतीत ‘लव्ह’ आढळतो, तर जुन्या प्रतीत ‘चॅरिटी’. आमची मुले विचारतात, यांतला बरोबर कोणता? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’. लॅटिनमध्ये तो येथे ‘कारितास’ झाला. १५२६ साली छापलेल्या नव्या करारात विल्यम टिंडेल यांनी ‘लव्ह’ योजला. संत थॉमस मोर यांनी १५२९ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. ‘लव्ह’ हा शब्द बऱ्यावाईट कोणत्याही ओढीला लागू पडतो. ‘चॅरिटी’ म्हणजे सद्गुणी, संयत प्रेम, असे त्यांचे म्हणणे. टिंडेल यांनी १५३१ मध्ये उत्तर दिले, की लोकांच्या तोंडी ‘चॅरिटी’ म्हणजे भिक्षा किंवा फार तर सहनशीलता; शिवाय देवावर ‘लव्ह’ करा असे म्हणता येते, ‘चॅरिटी’ला तसे क्रियापदच नाही.

हा केवळ पंथभेदाचा वाद मानणे आम्हांस पटत नाही. १५८२ च्या कॅथोलिक ऱ्हेम्स आवृत्तीने ‘चॅरिटी’ स्वीकारला, तसाच तो १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीनेही या अध्यायात ठेवला. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत मात्र ‘लव्ह’ परतला. मध्यंतरी ‘चॅरिटी’चा अर्थ आक्रसून दानधर्मापुरता उरला होता. आपल्याकडेही या शब्दाचा सरकारी अवतार ‘धर्मादाय’ असाच आहे. याच अध्यायात पौल म्हणतो, की सर्वस्व गरिबांना वाटले तरी प्रीतीवाचून ते व्यर्थ आहे. ‘चॅरिटी’ म्हणजे दान असे समजणाऱ्या वाचकाला येथे दान देऊनही दान नाही असा विचित्र अर्थ लागेल. म्हणून आजच्या वाचनासाठी ‘लव्ह’च योग्य, असे आमचे मत आहे.

तरीही मोर यांची शंका खोटी ठरत नाही. सिनेमापासून आइस्क्रीमपर्यंत सर्वांवर ‘लव्ह’ करणाऱ्या काळात तो शब्दही झिजला आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या २००५ च्या परिपत्रकाच्या इंग्रजी शीर्षकात ‘कारितास’चा ‘लव्ह’ झाला, तर २००९ च्या परिपत्रकात ‘चॅरिटी’. संदर्भ पाहून निवड करणे ते हेच. मदर तेरेसांनी १९५० मध्ये स्थापलेल्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संस्थेच्या नावात आजही जुना, भरीव अर्थ जिवंत आहे. तेथे ‘चॅरिटी’ म्हणजे केवळ पैसे देणे नव्हे, मरणोन्मुखाचा हात हाती घेणे.

शब्द आपोआप दरिद्री होत नाहीत. देणाऱ्याने प्रेम वगळले, तेव्हा ‘चॅरिटी’ भीक झाली. प्रेम करणाऱ्याने देणे वगळले, तेव्हा ‘लव्ह’ पोकळ झाला. कोशातली निवड करून झाल्यावरही ही दुरुस्ती आपल्याच घरी करावयाची उरते.