‘कालियामर्दन’ : उघड्या चेहऱ्याचा देव

चलच्चित्र म्हणजे मूलतः नजरबंदी, असा समज आहे. आणि देवादिकांच्या चित्रपटांविषयी भाविकांच्या मनात जो किंतु असतो, तो या समजातूनच येतो. नजरबंदीने दाखविलेल्या देवास हात जोडावेत काय? दादासाहेब फाळके यांच्या ‘कालियामर्दन’ (१९१९) या मूकपटाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, असे आम्हांस वाटते. या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने आजही पाहावयास मिळतो.

तुलनेसाठी अमेरिकेतील ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ घ्यावा. एडविन पोर्टर यांनी १९०३ साली काढलेला हा सुमारे बारा मिनिटांचा दरोडेपट काउबॉय-चित्रपटांचा पूर्वज होय. त्यात तारघराच्या खिडकीतून आगगाडी येताना दिसते. वस्तुतः ती तेथे आलीच नव्हती. गाडीचे वेगळे चित्रण त्याच फितीवर खिडकीच्या जागी उमटविले होते. ही जोड प्रेक्षकांच्या ध्यानी येऊ नये, यातच त्या कारागिरीचे यश. जवळून चेहरा दिसतो तो दरोडेखोराचा, आणि तो तर थेट प्रेक्षकांवरच पिस्तूल झाडतो!

फाळकेही जादूगारच. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने त्यांनी जादूचे प्रयोग केले होते. लपवावे कसे, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. तरीही या चित्रपटाचा आरंभ त्यांनी उघड्या चेहऱ्याने केला. त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी प्रथम मुद्रेवर नाना भाव दाखविते आणि मग तीच बालकृष्ण होऊन समोर येते.

गोकुळातील खोड्यांचे प्रसंग काहीसे सुटे वाटतात, हे खरे. डोहातील नागही कृत्रिम आहे, हे लपत नाही. परंतु फाळके क्षणात पाण्यातील झुंज दाखवितात, तर क्षणात काठावरील आकांत. त्या माणसांची चिंता आपल्याला जाऊन भिडते, आणि मग नाग कशाचा केला आहे, हे विचारण्याचे भान राहत नाही.

आपल्या सुरतेच्या लिंबायतमध्ये गोकुळाष्टमीस शेजारच्याच मुलाच्या मस्तकी मोरपीस खोवले जाते. तो कोणाचा मुलगा, हे सर्वांस ठाऊक असते. तरी वडीलधाऱ्यांचे हात आपोआप जुळतात. त्यात कोणी कोणास फसवीत नाही. फाळक्यांनी पडद्यावर आणली ती हीच जुनी रीत. म्हणून त्यांच्या कृष्णास नजरबंदी म्हणणे अन्यायाचे होईल.