भूदृश्यरचनेचे शिक्षण आणि वनप्रदेशातील गाव : स्टुडिओ-पद्धतीची एक समीक्षा

बीजसंज्ञा : भूदृश्यरचना, स्टुडिओ, ज्युरी, निस्तारपत्रक, मामा तलाव, ग्रामसभा

प्रस्तावना

स्थापत्य व भूदृश्यरचना या विषयांचे अध्यापन प्रामुख्याने 'स्टुडिओ' या पद्धतीने होते. विद्यार्थ्यास एक जागा नेमून दिली जाते. तो तिची पाहणी करतो, नकाशे काढतो, आराखडा मांडतो आणि सत्राच्या अखेरीस परीक्षकांच्या मंडळापुढे, म्हणजेच ज्युरीपुढे, त्याचे समर्थन करतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या कलाशाळेत स्थिरावलेली ही रीत पुढे जगभर पसरली व आपल्या महाविद्यालयांतही रुजली. ऐकण्यापेक्षा करण्यातून शिकणे हे तिचे बलस्थान होय. परंतु नेमून दिलेली जागा जेव्हा चंद्रपूर वा गडचिरोलीसारख्या वनप्रदेशातील असते, तेव्हा ही पद्धत विद्यार्थ्यास जमीन वाचावयास शिकविते की केवळ सजवावयास, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

विचारपरंपरा आणि तिच्या मर्यादा

या विषयाच्या अध्यापनात तीन विचारवंतांचा आधार वारंवार घेतला जातो. पहिले पॅट्रिक गेडिस. ते १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१५ मध्ये त्यांनी नागपूरच्या नगररचनेवर अहवाल लिहिला. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आराखड्यापूर्वी पाहणी, हे त्यांचे सूत्र आजही प्रत्येक स्टुडिओत सांगितले जाते. मात्र गेडिस यांची पाहणी पायी फिरून व लोकांच्या वहिवाटी समजून घेऊन केलेली होती. जुने तलाव बुजविण्याच्या तत्कालीन प्रवृत्तीस त्यांनी विरोध केला, तोही याच पाहणीच्या बळावर. आजच्या स्टुडिओत पाहणीचे रूपांतर बहुधा दोन दिवसांच्या सहलीत व छायाचित्रांच्या संग्रहात झालेले दिसते.

दुसरे इयन मॅकहार्ग. 'डिझाइन विथ नेचर' (१९६९) या ग्रंथात त्यांनी माती, उतार, जलप्रवाह, वनस्पती यांचे नकाशे एकावर एक ठेवून जागेची योग्यता ठरविण्याची पद्धत मांडली. ही पद्धत मोलाची आहे, यात शंका नाही. तथापि तिच्या थरांमध्ये वहिवाटीचा व हक्काचा थर सहसा येत नाही. जंगलाचा हिरवा रंग नकाशावर भरताना त्या जंगलातून सरपण कोण आणते, कोणत्या वाटेने गुरे जातात, मोहाचे कोणते झाड कोण वेचते, हे त्या रंगात दिसत नाही.

तिसरे डोनाल्ड शॉन. 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' (१९८३) या ग्रंथात त्यांनी स्टुडिओतील गुरु-शिष्यसंवादाचे बारकाईने विश्लेषण केले व स्टुडिओस ज्ञानशास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या सुप्रसिद्ध उदाहरणात विद्यार्थिनी उतारावरील शाळेची रचना करीत आहे आणि शिक्षक तिला सुचवितो की ओबडधोबड जागेवर प्रथम एक भौमितिक शिस्त लादावी, मग तिचे परिणाम पाहावेत. संवाद उत्कृष्ट आहे, पण तो दोघांत व कागदावर घडतो. जागेवर राहणारे कोणी त्यात नाही. शॉन यांच्या विवेचनातील ही उणीव आपल्या प्रदेशात अधिकच ठळकपणे जाणवते.

तलावाचा दाखला

प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात ज्युरीचा सदस्य म्हणून बसण्याचा योग आला. विषय होता गावतलावाच्या परिसराचा विकास. बहुतेक विद्यार्थ्यांनी पाळीवर फरसबंद पायवाट, काठाला दगडी पिचिंग, दिव्यांचे खांब, हिरवळ व गुलमोहराच्या रांगा दाखविल्या होत्या. चित्रण सुंदर होते. परंतु तलावाचे पाणी कोणत्या शेतांना जाते, सांडवा कोठे आहे, गाळ कोण काढतो, मासेमारी कोण करतो, याची नोंद एकाही शीटवर नव्हती. खेदाची बाब अशी की परीक्षकांपैकी कोणी, प्रस्तुत लेखकानेही, त्या दिवशी हे विचारले नाही. गुण चित्रणास दिले गेले.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना 'मामा तलाव' म्हणतात, हे केवळ जलाशय नव्हेत. वरच्या अंगाचे जंगल, मातीची पाळ, पाणी, खालची धानाची बांधी आणि शेतातील लहान बोडी अशी ती एक सलग रचना आहे. उथळ काठावर वाढणाऱ्या वनस्पती, मासळीची वाढ व पाणपक्षी हे सर्व त्या काठाच्या हलक्या उतारावर अवलंबून असते. तेथे उभी दगडी भिंत बांधली की काठ देखणा होतो आणि त्यातील जीवन संपते. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर हे तलाव शासनाकडे आले व देखभालीची जुनी व्यवस्था विस्कळीत झाली. म्हणजे प्रश्न मुळात व्यवस्थेचा आहे आणि त्याचे उत्तर सुशोभीकरणात शोधले जाते.

चंद्रपूर शहरातील गोंडकालीन रामाळा तलाव हे याचेच नागरी उदाहरण. सांडपाणी व जलपर्णी यांनी ग्रासलेल्या या तलावासाठी 'इको-प्रो' या संस्थेचे बंडू धोतरे यांनी २०२१ मध्ये अन्नत्याग आंदोलन केले. याच संस्थेने २०१७ पासून गोंडकालीन परकोटाची स्वच्छता श्रमदानाने हाती घेतली होती. भूदृश्याचे असे वाचन नागरिकांनी केले. ते आपल्या अभ्यासक्रमात यावयास हवे होते.

ऋतू, वाघ आणि सत्राचे वेळापत्रक

स्टुडिओचे सत्र साधारणतः पाच महिन्यांचे असते. पावसाळी सत्रातील विद्यार्थी जंगल पाहतो ते गर्द हिरवे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचण्यासाठी निघालेली माणसे, वेचणी सुलभ व्हावी म्हणून झाडाखाली जाळलेला पालापाचोळा, त्यातून कधी पेटणारा वणवा, मे महिन्यातील तेंदूपानांचा हंगाम हे काहीच त्याच्या दृष्टीस पडत नाही. परिणामी त्याच्या आराखड्यात मोह हा एक 'छायावृक्ष' ठरतो. गावाच्या लेखी तो वर्षाच्या मिळकतीचा भाग असतो.

वृक्षारोपणाच्या संकल्पनेचेही तसेच आहे. आडोसा व सौंदर्य यांसाठी दाट झुडपांची योजना करावी, असे पाठ्यपुस्तक सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात त्याच झुडपांत बिबट वा वाघ दबून बसू शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. औद्योगिक परिसरातील वाढलेली झुडपे हा त्यानंतर गांभीर्याने चर्चिला गेलेला विषय होता. येथे दृष्टिरेषा मोकळी ठेवणे हा केवळ सौंदर्यशास्त्राचा प्रश्न राहत नाही, तो जीविताचा प्रश्न होतो. उलटपक्षी, सर्व झुडपे तोडणे हेही उत्तर नव्हे, कारण वन्यप्राण्यांचे मार्ग त्यांतूनच जातात. कोठे मोकळे ठेवावे व कोठे राखावे, हा निर्णय पायी फिरून आणि गुराख्यास विचारूनच घेता येतो.

पर्यायी वाचनाची साधने

अशा वाचनाची साधने आपल्याकडे उपलब्ध आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तारपत्रकाची व कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे. चराई, सरपण, माती, वाटा, पाणी व मासेमारी यांविषयीच्या गावाच्या वहिवाटी यांत नोंदविल्या जातात. भूदृश्याच्या विद्यार्थ्यास याहून नेमका दस्तऐवज क्वचितच मिळेल. मॅकहार्ग यांच्या नकाशांत जो थर नाही, तो येथे शब्दांत लिहिलेला आहे.

दुसरे साधन ग्रामसभा. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तत्पूर्वी अनेक वर्षे या गावात अभ्यासगट चालत होते आणि निर्णय सर्वसहमतीने होत होते. विषय समोर ठेवावा, माहिती गोळा करावी, पुन्हा बसावे, घाईने ठरवू नये ही त्यांची रीत. ज्युरीत निर्णय एका दुपारी होतो व तो परीक्षकांचा असतो. अभ्यासगटात निर्णय घेणारा स्वतः त्याचे परिणाम भोगणार असतो. या दोहोंतील अंतर हीच स्टुडिओ-पद्धतीची खरी कसोटी होय.

येथे एक आक्षेप संभवतो. दर सत्रात विद्यार्थ्यांचे जथे गावात जाऊन माहिती घेऊन परतले, तर गावाचा वेळ जाईल व हाती काही येणार नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून दरवर्षी नवे गाव निवडण्यापेक्षा एकाच गावाशी दीर्घकाळ संबंध ठेवावा, एका तुकडीची पाहणी पुढील तुकडीने पुढे न्यावी आणि नकाशांची प्रत मराठीत ग्रामसभेकडे राहावी, हे श्रेयस्कर ठरेल.

समारोप

स्टुडिओ-पद्धत टाकून द्यावी, असा या विवेचनाचा आशय नाही. हाताने काढल्याखेरीज डोळा तयार होत नाही, हे शॉन यांचे प्रतिपादन ग्राह्यच आहे. मात्र पाहणी किमान दोन ऋतूंत व्हावी, निस्तारपत्रकाचे वाचन अनिवार्य असावे, ज्युरीत गावातील जाणत्या व्यक्तीस स्थान असावे आणि चित्रणाइतकेच गुण वाचनास असावेत, एवढे बदल कोणत्याही विद्यापीठास शक्य आहेत. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाल्याने या दोन जिल्ह्यांना स्वतःचे विद्यापीठ लाभले. येथील भूगोल, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र व मराठी या विषयांच्या अध्यापकांना एका तलावाच्या पाळीवर एकत्र आणणे कठीण नाही, आणि त्यासाठी स्थापत्याच्या स्वतंत्र विभागाची वाट पाहण्याचेही कारण नाही. त्या ज्युरीत न विचारलेले प्रश्न पुढील वेळी विद्यार्थ्यांनीच परीक्षकांस विचारले, तर अध्यापन सफल झाले असे मानता येईल.