मर्दानगीचे प्रेक्षक : एक माहितीपट आणि एक छायाचित्रमालिका



'हातात बांगड्या भरल्यात का?' हा टोमणा तुम्ही कधी ना कधी ऐकला असेल. इथे बेंगळुरूमध्ये कन्नडमध्येही तो बांगड्यांवरूनच मारतात. गंमत अशी, की एकांतात हा टोमणा कोणी मारत नाही. ऐकायला आणखी चार माणसे असावी लागतात. पुढच्या दोन कलाकृती पाहताना म्हणूनच नायकाकडे थोडे कमी आणि बघ्यांकडे थोडे जास्त लक्ष द्या.

पहिली कलाकृती म्हणजे आनंद पटवर्धन यांचा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' हा १९९० च्या दशकातला माहितीपट. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात १९८७ चे देवराळा येथील सतीप्रकरण आणि १९९२-९३ ची मुंबईची दंगल येते. दुसऱ्या भागाचे नाव 'हीरो फार्मसी'. यात पटवर्धन विचारतात, की दंगलीत उतरणाऱ्या पुरुषाला सतत कसली भीती वाटते? त्यांचे उत्तर असे : आपण 'कमी पुरुष' ठरू, ही. रस्त्यावर ताकदीची औषधे विकणारा माणूस आणि व्यासपीठावरून समाजाला नामर्द म्हणून डिवचणारा वक्ता, दोघांनाही ते जवळजवळ ठेवतात. दोघांचा धंदा एकच आहे : आधी कमतरता पटवून द्यायची, मग इलाज विकायचा.

औषधविक्याभोवतीचे पुरुष नीट पाहा. ते हसतात, पण निघून जात नाहीत. जो पहिला निघेल त्याच्याकडे बाकीचे बघतील, हे प्रत्येकाला ठाऊक असते. संपूर्ण चित्रपटाचा विचार त्या कोंडाळ्यात दिसतो. पटवर्धनांचे निवेदन मात्र मला काही ठिकाणी खटकते. प्राचीन मातृदेवतांपासून आजच्या दंगलीपर्यंत एक सरळ रेषा ओढण्याची त्यांना घाई आहे, आणि ती रेषा पुराव्यापेक्षा जोरकस होते. कॅमेऱ्याने सांगितलेले आवाजाने पुन्हा सांगायची गरज नव्हती.

एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. सेन्सॉर बोर्डाने पहिल्या भागाला 'यू' आणि दुसऱ्याला 'ए' प्रमाणपत्र दिले. जळणारी बाई सर्वांनी पाहावी, पण पुरुषत्वाच्या बाजाराची चर्चा फक्त प्रौढांनी! दूरदर्शनने चित्रपट दाखवायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश दिला.

हे सगळे मुंबईचे आणि राजकारणाचे, आपल्याला त्याचे काय, असे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वाटू शकते. म्हणून पीण्या औद्योगिक क्षेत्रात या. इथल्या लहान वर्कशॉपमध्ये विद्यार्थी कारखाना-भेटीला येतात तेव्हा मी त्यांना ग्राइंडरजवळ थांबवतो. गॉगल खिळ्याला लटकलेला असतो आणि कामगार उघड्या डोळ्यांनी काम करत असतो. कारणे पुष्कळ असतात : काच धुरकट झालेली, घाम, पीसरेटची घाई, गॉगल न बदलणारा मालक. त्यांतले एक कारण मात्र कोणत्याही सुरक्षा-फलकावर लिहिलेले नसते. गॉगल लावणारा नवा पोरगा बाकीच्यांना 'नाजूक' वाटतो. तापलेला लोखंडी कण डोळ्यात जातो तेव्हा बघणारे चौघे तिथेच असतात. डोळा मात्र एकाचाच जातो. थोड्याच अंतरावर गारमेंट कारखान्यांत बांगड्या घातलेले हजारो हात दिवसभर शिलाई यंत्रे चालवत असतात. टोमण्यातल्या बांगड्यांचा या हातांशी काही संबंध उरतो का, ते तुम्हीच पाहा.

याच परिसरातल्या रिक्षांवर शंकर नाग यांची चित्रे दिसतील. १९८० च्या 'ऑटो राजा'चा हा नायक १९९० मध्ये गेला, तरी रिक्षांवरून उतरलेला नाही. (मराठी वाचकांसाठी : '२२ जून १८९७'शीही त्यांचे नाव जोडलेले आहे.) नायक अंगावर वागवण्याच्या या सवयीतून आपण दुसऱ्या कलाकृतीकडे जाऊ.

छायाचित्रकार 'कॉप शिवा' हे बेंगळुरू पोलीस दलात शिपाई होते. टोपणनाव तिथूनच आले. त्यांच्या 'आय लव्ह एमजीआर' या मालिकेत एम. जी. रामचंद्रन यांची नक्कल करणारा एक माणूस आहे. एमजीआर हे तमिळ पडद्यावरचे नायक आणि १९७७ नंतर तमिळनाडूचे मुख्यमंत्री. टोपी आणि काळा चष्मा ही त्यांची ओळख. कॉप शिवा या नकलाकाराला लोकांसमोर टिपतात, तसेच त्याच्या खासगी आयुष्यातही. तिथे टाळ्या नसतात. पोशाख तोच, पण आता तो पेलावा लागतो. इथे पटवर्धनांसारखे निवेदन नाही, निवाडाही नाही. छायाचित्रकाराला या माणसाबद्दल माया आहे, आणि स्वतः गणवेश घालून अधिकार पेलणाऱ्या शिपायाला ती वाटणे मला स्वाभाविक वाटते. त्याच मायेमुळे सत्तेचा दुसऱ्यांना होणारा त्रास या मालिकेत फारसा दिसत नाही, ही तिची मर्यादा. तो पाहायला 'हीरो फार्मसी'कडेच परत जावे लागते.

चित्रपटात काळ वाहतो, म्हणून गर्दी कशी तापत जाते ते कळते. छायाचित्र एक क्षण धरून ठेवते, म्हणून पोशाख आणि माणूस यांच्यातली फट दिसते. आलेख आणि एका बिंदूवरचे मोजमाप यांत जो फरक, तसाच काहीसा.

सरावासाठी : औषधविक्याचा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा आणि बघ्यांपैकी एकच चेहरा निवडून शेवटपर्यंत त्याच्यावर नजर ठेवा. तो केव्हा हसतो, त्याआधी कोणाकडे बघतो, हे लिहून काढा. मग आवाज सुरू करून पुन्हा पाहा.