'पापावर विजय' : एका रूपकाची मराठीतील अडचण

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या समीक्षेत 'देशीकरण' हा शब्द बहुधा प्रशस्तीपर वापरला जातो. परकीय आशय देशी रूपात जितका सहज मुरला तितकी कृती यशस्वी, असे त्यामागचे गृहीतक असते. 'पापावर विजय' ही ख्रिस्ती धर्मविचारातील मध्यवर्ती संकल्पना समोर ठेवली, की हे गृहीतक डळमळू लागते.

मराठीत पाप हा शत्रू नव्हे. ते घडते, साचते. त्याचा घडा भरतो, त्याच्या राशी होतात. ते धुवावे लागते किंवा फेडावे लागते. मळ आणि ऋण ही त्याची दोन प्रमुख रूपके. जिंकायचे असतात ते षड्रिपू, आणि ते पापाची कारणे आहेत, पाप नव्हेत. तुकारामांच्या अभंगांत युद्धाची प्रतिमा येते, परंतु तेथेही समोर उभे असतात ते मन आणि जग. 'पापावर विजय' हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही कानाला उपरा वाटतो तो यामुळे.

पौलाच्या 'रोमकरांस पत्रा'त नेमके उलट घडते. पाचव्या ते आठव्या अध्यायांत 'हामार्तिया' हा ग्रीक शब्द प्रायः एकवचनी येतो आणि एखाद्या पात्रासारखा वागतो: जगात शिरतो, राज्य करतो, फसवतो, ठार मारतो. त्याने दिलेल्या मोबदल्यासाठी पौल जो शब्द योजतो, तो सैनिकांच्या पगाराचा आहे. मराठी 'वेतन' या शब्दात ती छावणी उरत नाही; कारकुनी महिना तेवढा दिसतो. (हा दोष अनुवादकाचा नव्हे.) येथे पाप ही सत्ता आहे, सत्ता धुता येत नाही, फेडताही येत नाही, ती उलथावी लागते. गुस्ताफ आउलेन या स्वीडिश धर्मशास्त्रज्ञाने १९३१ साली इंग्रजीत आलेल्या 'ख्रिस्तुस व्हिक्टर' या ग्रंथात हीच धारणा 'अभिजात' ठरवली आणि अकराव्या शतकातील अन्सेल्मच्या ऋण-भरपाईच्या मांडणीहून ती वेगळी काढली. मौज अशी, की मराठीतील 'फेड' अन्सेल्मला सहज सामावून घेते. अडते ती पौलापाशी.

१६१६ साली गोव्यात छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुराण हा प्रकार निवडला, तेव्हा युद्धाची सोय आपसूक झाली असे वाटते. पुराणाच्या श्रोत्याला असुर परिचित असतो आणि त्याचा वधही. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणणाऱ्या कवीला सैतान या चौकटीत बसवणे अवघड नाही. पण असुरवधात मरतो तो असुर. क्रूसावर मरतो तो विजेता. एम.ए.च्या वर्गात एका विद्यार्थिनीने मला सरळ विचारले होते, ''सर, जिंकला जर ख्रिस्त, तर मेला कोण?'' मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पुराणाच्या रूपबंधात त्या प्रश्नाला जागा नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मला सर्वांत जिवंत वाटतो तो दुःखसहनाच्या प्रसंगांत, म्हणजे रूपबंध आशयाला पुरा पडत नाही तेथेच.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ही अडचण निराळ्या वाटेने ओलांडतात. ख्रिस्ताला माउली व गुरू या नात्यांनी हाक मारली, की युद्ध मागे पडते आणि शरणागती पुढे येते. काव्य म्हणून हा मार्ग अधिक सरस आहे, याविषयी मला शंका नाही. हरवतो तो पौलाचा ताण. सहाव्या अध्यायात तो वाचकांना 'तुम्ही पापाला मेलेले आहात' अशा आशयाचे सांगतो आणि लगेच पापाला राज्य करू देऊ नका असे बजावतो. विजय झालेला आहे आणि लढाई संपलेली नाही. ऑस्कर कुलमान यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात यासाठी महायुद्धाचा दाखला घेतला: निर्णायक लढाई जिंकून झाल्यावरही युद्ध काही काळ चालूच राहते.

भक्तिकाव्यातील विरहही 'आहे' आणि 'नाही' यांच्या मधलाच काळ नव्हे काय, असा आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षणीय नाही. परंतु विरहिणी शत्रूच्या मुलखात राहत नसते. पौलाचा श्रद्धावान राहतो. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. नावातच रामायण जागे करणाऱ्या त्या महाकाव्याने वधाची प्रतिमा कितपत स्वीकारली आणि कोठे नाकारली, हे आता याच प्रश्नाच्या अनुषंगाने तपासले पाहिजे.