आशा, आस आणि उमेद : एका शब्दाची परीक्षा

इंग्रजीतील ‘होप’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. पाऊस पडू नये, गाडी वेळेवर यावी, पत्राचे उत्तर लवकर मिळावे, एवढ्यासाठीही तो चालतो. आणि विश्वास व प्रीती यांच्या जोडीला पौलाने ज्या सद्गुणास बसविले त्याच्यासाठीही तोच. मराठी पवित्र शास्त्राने त्याच्या जागी ‘आशा’ हा शब्द घेतला. २०२५ हे पवित्र वर्ष आशेला वाहिलेले होते; त्या वर्षभर आपण सर्वांनी हा शब्द प्रवचनांतून वारंवार उच्चारला. तो ऐकणाऱ्याच्या कानी नेमके काय पडते, हा प्रश्न येथे विचारात घेण्याचे योजिले आहे.

प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचला नाही. पांढुर्णा तालुक्यातील तिगाव येथे काही वर्षांपूर्वी एका आजारी मुलाच्या उशाशी आम्ही प्रार्थना केली व निघताना घरच्यांस ‘आशा सोडू नका’ असे सांगितले. मुलगा गेला. मूठमाती दिल्यावर त्याची आई एवढेच म्हणाली, “फादर, तुमीच आशा लावली होती ना?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. मराठीत ‘आशा लावणे’ म्हणजे जे देणे आपल्या हाती नाही त्याची ओढ दुसऱ्यास लावणे. आम्ही धर्मशास्त्रातील आशा सांगितली आणि तिने बोलीतील आशा ऐकली, असे म्हणून सुटता आले असते. परंतु त्या घटकेस आमच्याही मनात मुलगा बरा व्हावा यापलीकडची आशा नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

मराठीतील ‘आशा’ ही मुळात संशयित आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात ती पाश म्हणून येते. संतवाङ्मयात तिची गाठ बहुधा लोभ व तृष्णा यांच्याशी पडते. ‘आशाळभूत’ हे विशेषण कोणीही गौरवार्थी वापरीत नाही. उलट, त्याच शब्दापासून झालेला ‘आस’ हा शब्द तुकाराम विठ्ठलाच्या भेटीसाठी योजतात. वस्तूंची ती आशा आणि भेटीची ती आस, हा भेद ज्या भाषेने इतका नीट जपला, तिच्यात प्रवचन करणाऱ्याने तो विसरणे बरे नव्हे.

पर्यायी शब्दही तपासून पाहू. ‘अपेक्षा’ हिशोबाची असते. पेरले तेवढे उगवावे, हा तिचा न्याय. ‘भरवसा’ जवळचा आहे, परंतु त्यात भविष्यकाळ पुरेसा नाही. ‘उमेद’ मराठीत स्वतःच्या बळाची असते. म्हणून उमेदीची वर्षे सरतात आणि उमेद खचते. तिगावासारख्या गावी आणखी एक अडचण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी आणि शाळेत, कचेरीत हिंदी, अशी येथील रीत. हिंदीतील ‘उम्मीद’ म्हणजे साधी अपेक्षा. हिंदीत शिकलेला धर्मशिक्षक ‘उमेद धरा’ म्हणतो, आणि म्हातारी माणसे आपल्याला कंबर कसायला सांगितले असे समजतात. शेवटी ‘आशावाद’. तो स्वभावाचा गुण आहे. दुःखिताकडून स्वभावाची मागणी करता येत नाही.

मग ‘आशा’ हा शब्द टाकून द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. पौलाच्या हाती आलेला ‘एल्पिस’ हा ग्रीक शब्दही निष्कलंक नव्हता. ग्रीक वाङ्मयात तो बऱ्यावाईट दोन्ही अपेक्षांसाठी येई. हेसिअडच्या कथेत पँडोराच्या रांजणात सर्व अनर्थांच्या संगतीत असलेला तोच आत राहिलेला आहे. इब्री भाषेतील ‘तिक्वा’ म्हणजे आशा, आणि तोच शब्द दोरीसाठीही आहे. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते ती ‘तिक्वा’च. आपल्याकडेही आशा दोरीच आहे. फरक इतकाच की पाशाने माणूस जखडला जातो आणि राहाबेच्या दोरीने तिचे घराणे वाचते. हा दुसरा अर्थ आपल्या परंपरेस अगदीच परका नाही. कालिदासाच्या मेघदूतात विरहिणीचे फुलासारखे हृदय गळून पडू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा ‘आशाबंध’ आहे. आणि त्या काव्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे मिराशींसारख्या विद्वानांचे मत आहे. म्हणजे दोर तोच. तो कोठे बांधला आहे, हा प्रश्न.

इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. तिगावच्या शेतकऱ्याने समुद्र पाहिलेला नसतो. त्याला नांगर म्हणजे जमीन फोडणारा. तेथे गलबताचा नांगर समजावून सांगणे हे आपले काम आहेच. परंतु करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल नांगरणाऱ्याने आशेने नांगरावे असेही म्हणतो. मराठीत योगायोगाने हे दोन नांगर एका शब्दात भेटले आहेत: एक धरून ठेवतो, दुसरा पुढे चालतो. अशी सोय ग्रीकातही नाही.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आशेचा विषय म्हणजे भावी, दुष्कर, परंतु शक्य असे कल्याण. आणि ते शक्य होते ते देवाच्या साहाय्याने. ‘दुष्कर’ हा शब्द इच्छेला वगळतो, आणि ‘देवाच्या साहाय्याने’ हे शब्द उमेदीला. संत्र्याच्या बागाईतदारास हे समजावणे कठीण नाही. आंबिया बहरासाठी तो हिवाळ्यात बागेचे पाणी तोडतो. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना झाडे ताणावर असतात, पाने मलूल होतात. तो स्वतः काळजीत असतो, तरी वेळेआधी पाणी सोडीत नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संकट, धीर, शील आणि मग आशा असा जो क्रम आहे, तो या ताणाच्या दिवसांत उभा करून दाखविता येईल. दाखला येथे थांबतो, हेही सांगावे. कारण बहर एखाद्या वर्षी फुटत नाही.

म्हणून आमची धर्मगुरूंस व धर्मशिक्षकांस सूचना एवढीच: ‘आशा’ हा शब्द एकटा सोडू नये. आशा कशाची, यापूर्वी आशा कोणावर, हे सांगावे. आजाऱ्याच्या खोलीत तर बरे होण्याची इच्छा आणि देवावरील आशा या दोन गोष्टी दोन वाक्यांत बोलाव्या. ‘तो बरा व्हावा म्हणून आम्ही मागतो आहोत, आणि काहीही झाले तरी देव त्याला सोडणार नाही,’ असे त्या आईला सांगता आले असते. ही दोन वाक्ये आम्हांस उशिरा सुचली. वाचकांस ती वेळेवर आठवावीत, म्हणून येथे लिहून ठेविली.