ऑस्ट्रेलियातील कोठडी-मृत्यू अहवाल : एक चिकित्सा

ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या ९९ कोठडी-मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. कोठडीत आदिवासींचा मृत्युदर इतर बंद्यांहून अधिक नाही. मुळात त्यांना कोठडीतच अधिक प्रमाणात डांबले जाते, हा अहवालाचा मर्मग्राही निष्कर्ष होय. म्हणूनच अटक हा अखेरचा उपाय असावा, सार्वजनिक ठिकाणची मद्यधुंदी हा गुन्हा राहू नये, असे त्याने सुचविले. व्हिक्टोरिया राज्यात मात्र हा गुन्हा २०२३ मध्ये रद्द झाला. दरम्यान कैद्यांमधील आदिवासींचे प्रमाण १९९१ मधील १४ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ३३ टक्क्यांवर गेले. लोकसंख्येत ते ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. निदान अचूक असूनही शिफारशी बंधनकारक नव्हत्या. त्यांची अंमलबजावणी शासनाच्या इच्छेवरच अवलंबून राहिली. हीच या अहवालाची मूलभूत मर्यादा ठरते.