डुक्कर, वराह, फॅण्ड्री

'फॅण्ड्री' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. होस्टेलची खोली, एक लॅपटॉप आणि भोवती आम्ही आठ जण. डुकरं धरायचा प्रसंग सुरू झाला. जब्याचा बाप कचरू धडपडतो, घरचे सगळे धावतात, डुक्कर हुलकावणी देऊन निसटतं. आम्ही हसलो. मीही हसलो. परवा पुन्हा पाहिला, तेव्हा त्याच प्रसंगात मला भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव दिसलं.

गावात डुकरं धरायला माणसं आली की आम्ही पोरं शाळेच्या भिंतीवर चढून बसायचो. डाव हुकला की शिट्ट्या. एकदा त्या माणसांत माझ्याच वर्गातला मुलगा होता. त्यानं वर पाहिलं. मी शिट्टी थांबवली नाही.

नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या या चित्रपटाविषयी बोलताना बहुतेक जण शेवटच्या दगडापाशी थांबतात. मला नावापाशी थांबावंसं वाटतं. मराठीत या जनावराला दोन शब्द आहेत. 'डुक्कर' ही शिवी. 'वराह' हा दशावतारातला देव आणि सरकारी योजनेतलं 'वराहपालन'. जनावर तेच, पण शब्दागणिक त्याची पत बदलते. मंजुळे या दोन्ही शब्दांना बाजूला ठेवतात आणि कैकाडी बोलीतला शब्द घेतात. ही बोली द्राविडी कुळातली. तमिळमधला 'पन्रि' तिच्या 'फॅण्ड्री'च्या अगदी जवळचा. तिकीट काढणाऱ्या मराठी माणसाला अर्थ विचारावा लागतो. ज्यांची भाषा गावात कुणी ऐकून घेत नाही, त्यांना निदान इथे तरी विचारावं लागतं.

घाण मुळात जनावरात असते का? प्रशांत महासागरातल्या व्हानुआटूच्या झेंड्यावर डुकराचा वळलेला सुळा आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात रॉय रॅपापोर्ट या मानववंशशास्त्रज्ञानं पाहिलेल्या मारिंग लोकांचं डुकरांवरचं पुस्तक १९६८ साली आलं. तिथे बायका डुकरं वाढवतात, त्यांना शेतातली रताळी घालतात आणि पूर्वजांचं ऋण फेडायला तीच बळी देतात. म्हणजे डुक्कर आपण देऊ ते खातं. तिथे त्याच्यासाठी पीक काढलं जातं. आमच्या गावानं त्याला गोदरी दिली. गावाची घाण फुकटात साफ होत राहिली आणि त्या घाणीची लाज मात्र डुकराच्या मालकाच्या माथी बसली.

चित्रपटात हे फार नेमकं येतं. जत्रेत डुकरं नकोत म्हणून ती धरायचं काम कचरूच्या घराकडे येतं. मुलीच्या लग्नासाठी त्याला पैसे हवेत, म्हणून तो नाही म्हणू शकत नाही. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. घरचे सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. त्या क्षणी राष्ट्राचा मान राखणारे तेच दिसतात, पण त्यांचा मान राखायला कुणी थांबत नाही.

तरीही माझी एक तक्रार आहे. जब्याची लाज पडद्यावर पुरेपूर येते. कचरूचं ज्ञान तितकं येत नाही. डुक्कर कुठून वळेल, त्याला कुठे कोंडायचं, ते किती रुपयांना जातं, आजारी पडलं तर काय करायचं, हे त्या घराला ठाऊक असणारच. पण कॅमेरा बहुतेक वेळ लाजणाऱ्या पोराजवळ उभा आहे. त्यामुळे डुक्कर शेवटपर्यंत फक्त अपमानाचं जनावर राहतं. कुणाचं तरी पोट भरणारं, कुणी तरी निगुतीनं सांभाळलेलं जनावर म्हणून ते दिसत नाही.

ही तक्रार लिहिताना मला थांबावं लागलं. वर्गातला तो मुलगा दहावीच्या आधीच शाळेतून गेला. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. त्याला डुकरांबद्दल काय काय ठाऊक होतं, हे मीही कधी विचारलं नाही.